सोपानने गाडी धुतली त्याची कहाणी

एका गावात एक भोळा गाडीवाला होता. गावाचं नाव बोरजाई, त्याचं नाव सोपान. सांगितलेलं काम तो करायचाच. पण सांगितलं तस्संच करायचा. अडचण काय ती तेवढीच.

घरात माणसं तीन. सोपान, त्याची बायको अनसूया आणि त्याची धाकटी बहीण वनिता. दारात एक जुनी पांढरी मोटार. बाजारच्या दिवशी सोपान तिच्यातून माणसं तालुक्याला न्यायचा. एकदा एक म्हातारी म्हणाली, "बाबा, मला बाजारात सोड." सोपानने गाडी बाजारात घातली. कोथिंबिरीच्या ढिगापाशी थांबवली आणि खाली उतरून दार उघडलं.

वनिताच्या लग्नाचं बघत होते. मुलगी गुणाची, हाताला चव, बोलायला गोड. पण दोन स्थळं आली आणि दोन्ही परत गेली.

पहिल्या वेळी अनसूया सोपानला म्हणाली होती, "अहो, पाहुण्यांना काय हवं-नको ते विचारा." पाहुणे सतरंजीवर बसतात न बसतात तोच सोपानने विचारलं, "मुलगी हवी की नको?"

दुसऱ्या वेळी अनसूया म्हणाली, "आता काही विचारू नका. कुणी काही म्हटलं की नुसती मान हलवा." पाहुण्यांनी विचारलं, "मुलीला आजार-बिजार काही नाही ना? का आहे काही?" सोपानने मान हलवली. पाहुणे चहा न पिता उठले.

अनसूया देवाधर्माची. नणंदेचं भलं व्हावं म्हणून तिने महादेवाचे सोमवार धरले होते. त्या व्रतात तिने दोन गोष्टी सोडल्या होत्या, मीठ आणि राग. मीठ सोमवारपुरतं सोडलं होतं. राग उद्यापन होईपर्यंत. मिठावाचून तिचं काही अडलं नाही.

अशात तिसरं स्थळ आलं. मुलगा प्रल्हाद, शाळेत चित्रकला शिकवणारा. रविवारी तो आणि त्याचे वडील गंगाधरराव मुलगी बघायला येणार होते. घरात लेकीचं बाळंतपण होतं म्हणून आई मागाहून येणार होती. गंगाधररावांचा निरोप होता, "आम्ही एसटीने फाट्यावर उतरू. तिथून गाडी पाठवा." आणि निरोप आणणाऱ्याने आपल्या पदरचं जोडलं, "म्हाताऱ्याला टापटीप लागते बरं का. धोतराला डाग पडला तर जेवण सोडून उठतो."

अनसूयाने दारातल्या गाडीकडे बघितलं. गाडी चिंचेखाली उभी असायची. टपावर चिमण्यांनी आपलं काम केलं होतं. बॉनेटवर कोंबडी बसली होती. काचेवरच्या धुळीत कुठल्या पोराने बैल काढला होता.

"वन्सं," ती वनिताला म्हणाली, "हे स्थळ हातचं जायला नको. गाडी लख्ख झाली पाहिजे."

वनिता म्हणाली, "वहिनी, गाडी होईल. दादाचं काय करायचं?"

"महादेव आहे," अनसूया म्हणाली. तिने सोपानला हाक मारली. "अहो, तालुक्याला जा. गाडी धुवायचा शाम्पू आणा, पुसायची मऊ फडकी आणा, पॉलिश आणा आणि टायरला लावायचा काळा लेप आणा. दुकानदार सांगेल तसं करा."

"तसंच करतो," सोपान म्हणाला.

तालुक्याला इक्बालभाईंचं गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं. त्यांनी सगळं पिशवीत भरून दिलं आणि म्हणाले, "सोपानराव, घरचा कपड्याचा साबण लावू नका, रंग जातो. हा शाम्पू घ्या. गाडी सावलीत उभी करायची. बादलीभर पाण्यात एक झाकण टाकायचं. जास्त नाही."

सोपान घरी आला. गाडी सावलीत होतीच. बादली भरली. बाटलीचं झाकण काढलं, बादलीत टाकलं आणि वाट बघत बसला. झाकण तरंगलं. फेस आला नाही.

तो पुन्हा तालुक्याला गेला. "इक्बालभाई, झाकण खराब निघालं. दुसरं द्या."

इक्बालभाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "भाऊ, झाकण नाही टाकायचं. झाकणात मावेल तेवढं आतलं टाकायचं."

"बरं. पुढच्या वेळी तसं करतो."

तो घरी आला तेव्हा अनसूया देवापुढे बसली होती. आतूनच म्हणाली, "अहो, चुलीवर वरण आहे, तेवढं मीठ टाका." सोपानने मिठाचा डबा घेतला. डबा मोठा, झाकण ताटलीएवढं. झाकणात मावेल तेवढं आतलं टाकलं.

त्या दिवशी सोमवार होता, म्हणून अनसूया वाचली. सोपानने आणि वनिताने वरणाचा एकेक घास घेतला आणि दोघं रांजणाकडे पळाली.

अनसूया रागावली नाही. तिने एकदा देवघराकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, असं भसकन टाकू नये. आधी थोडंसं घालावं, चाखून बघावं, मग लागेल तसं वाढवावं."

"बरं. पुढच्या वेळी तसं करतो."

दुसऱ्या दिवशी त्याने शाम्पू थोडासा पाण्यात घातला. चाखून बघितला. कमी वाटला म्हणून आणखी घातला. पुन्हा चाखला.

वनिता बाहेर आली तर दादा पायरीवर बसलेला आणि त्याच्या तोंडातून फुगे निघत होते. बोलला की छोटे, उचकी लागली की मोठे.

"दादा! काय खाल्लंस?"

"चाखलं," सोपान म्हणाला. एक फुगा चिंचेपर्यंत गेला. "बेताचं झालंय."

वनिताने त्याला चुळा भरायला लावल्या आणि पॉलिशची बाटली उचलून ठेवली. पण दोन दिवसांनी पॉलिश लावायची वेळ आलीच, तेव्हा सोपान स्वतःहून दुकानात विचारायला गेला. "इक्बालभाई, पॉलिश चाखायला कसं असतं?"

इक्बालभाई उभेच राहिले. "अरे भाऊ, चाखायचं नाही! डोळ्यांनी बघायचं. आधी कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, थोडंसं लावून बघायचं. डाग पडला नाही तर मग पुढे जायचं."

"बरं. पुढच्या वेळी तसं करतो."

वाटेत महादेवाचं देऊळ लागायचं. अनसूयाने सकाळीच सांगून ठेवलं होतं, "येताना देवळात जा, नंदीला माझ्या नावाने गंध लावा." सोपान देवळात गेला. सहाणेवर गंध उगाळलं. मग नंदीभोवती फिरून कुणाला दिसणार नाही अशी जागा शोधली.

गुरव दिवा लावायला आला तर नंदीच्या पोटाखालून दोन पाय बाहेर आलेले.

"कोण आहे रे?"

"मी सोपान. गंध लावतोय."

"तिथं?"

"डाग पडतो का बघतो. नाही पडला तर पुढे जातो."

गुरवाने त्याला पाय धरून ओढून काढला. "अरे माणसा, गंध कपाळाला लावायचं! समोर! चांगलं ठसठशीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलं पाहिजे!"

"बरं. पुढच्या वेळी तसं करतो."

घरी येऊन त्याने पॉलिश काढलं. गाडीचं कपाळ कुठलं याचा थोडा विचार केला. समोर बघितल्यावर कळलंच. त्याने समोरच्या काचेवर पॉलिशचा हा जाड थर दिला, चांगला ठसठशीत. काचेतून काही दिसेना. मग तो खिडकीतून मान बाहेर काढून गाडी चालवत तालुक्याला गेला, पुढचं विचारायला. रस्त्यात येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ते दिसलं.

इक्बालभाई आता त्याला लांबूनच ओळखत. त्यांनी काच बघितली. खुर्चीवर बसले. पाणी प्यायले. मग काच स्वतः साफ करून दिली आणि अगदी सावकाश म्हणाले, "सोपानराव, पॉलिश काचेला नाही. पॉलिश पत्र्याला. पातळ लावायचं. वाळू द्यायचं. वाळलं की पांढरं दिसतं. पांढरं दिसलं की मऊ फडक्याने पुसून टाकायचं. एवढं एकच लक्षात ठेवा. पांढरं दिसलं की पुसलं."

"पांढरं दिसलं की पुसलं," सोपान म्हणाला.

"बास. आणि माझी शपथ आहे, आणखी काही करू नका."

रविवार उजाडला. गाडी अजून तशीच होती, फक्त समोरची काच स्वच्छ. सोपान भल्या सकाळी बादली घेऊन बसला. त्याने चाकं धुतली. चिखलाने भरलेलं तेच फडकं टपावर फिरवलं. टपावरून चार तपकिरी ओघळ खाली आले.

वनिताने पदर खोचला आणि त्याच्या हातातून फडकं काढून घेतलं. "दादा, खालून सुरू करायचं नसतं रे. वरची घाण खाली येते. वरून सुरू करायचं. आधी टपावर पाणी, मग काचा, मग दारं. चाकं सगळ्यात शेवटी, आणि त्यांचं फडकं वेगळं. कळलं?"

"वरून सुरू. चाकं शेवटी."

"आणि चाकं धुतली की लगेच तो काळा लेप लावू नको. उन्हात वाळू दे. वाळली की पांढुरकी दिसतात, घाबरायचं नाही. तेव्हा स्पंजने लेप लावायचा, पातळ, सगळीकडून सारखा. मग बघ कशी काळीभोर होतात."

दोघं भाऊबहीण कामाला लागली. पाइप लावला, फेस केला, निथळू दिलं, पॉलिश लावलं, पुसलं. वनिता शेजारी होती म्हणून सगळं नीट झालं. गाडी अशी झाली की कोंबडी बॉनेटवर उडाली आणि घसरून खाली आली. चाकं तेवढी ओली होती. लेपाची बाटली आणि स्पंज सोपानने ओट्यावर ठेवला.

वनिता आवरायला आत गेली. जाण्याआधी तिने अंगणात सडा घातला आणि रांगोळी काढली. मोठी, पाहुण्यांचं मन प्रसन्न करील अशी. मोर काढला, वेल काढली, मोराच्या पिसांत पिसं काढली.

सोपान पाइप गुंडाळून आला. अंगणात बघितलं. पांढरं दिसलं.

वनिता साडी बदलून दारात आली तेव्हा तो गुडघ्यांवर बसून मऊ फडक्याने मोराची शेपटी पुसत होता. बाकीचा मोर गेला होता.

 वनिताचे डोळे भरून आले. पहिलं स्थळ तिला आठवलं, दुसरं आठवलं. ती उंबऱ्यावर बसली. अनसूया तिच्याजवळ बसली, पाठीवरून हात फिरवला आणि सोपानला म्हणाली, "अहो, एवढ्या कष्टाने केलेलं पुसायचं नसतं. जपायचं असतं. त्यावर धूळ बसू द्यायची नाही, कुणाचा पाय पडू द्यायचा नाही."

"बरं," सोपान म्हणाला. बहिणीचे डोळे बघून त्यालाही वाईट वाटलं होतं. "पुढच्या वेळी तसं करतो. वने, रडू नको. या वेळी मी काही बिघडू देणार नाही."

"आता एसटी येईल," अनसूया म्हणाली. "फाट्यावर जा आणि पाहुण्यांना घेऊन या."

सोपान गाडीपाशी गेला. गाडी आरशासारखी लखलखत होती. बहिणीने सकाळपासून कष्ट घेतले होते. फाट्याचा रस्ता कच्चा, पायाच्या घोट्यापर्यंत फुफाटा. त्याने गाडीवर चादर घातली आणि पायी निघाला.

फाट्यावर गंगाधरराव आणि प्रल्हाद उतरले होते. गंगाधररावांचं धोतर शुभ्र, टोपी शुभ्र, मिशी शुभ्र. प्रल्हादचा सदरा पांढरा आणि केस काळेभोर. दोघांनी इकडेतिकडे बघितलं.

"गाडी कुठाय?" गंगाधरराव म्हणाले.

"घरी," सोपान म्हणाला.

"बिघडली?"

"नाही. धुतली."

"मग आणली का नाही?"

"धूळ बसेल ना."

गंगाधरराव मुलाकडे बघू लागले. मुलगा रस्त्याकडे बघू लागला. तेवढ्यात वीटभट्टीचा ट्रॅक्टर आला. सोपानने हात केला आणि पाहुण्यांना मागच्या ट्रॉलीत विटांवर बसवलं. स्वतः त्यांच्या मधोमध बसला, पाहुणचारात कमी पडू नये म्हणून.

ट्रॅक्टर अंगणात थांबला तेव्हा खाली उतरलेली तिन्ही माणसं डोक्यापासून पायापर्यंत विटेच्या रंगाची झाली होती. फक्त डोळे कळत होते. गंगाधररावांचे डोळे जास्त कळत होते.

अनसूया दारातून डोकावली आणि तिने कपाळाला हात लावला. पण आलेल्या पाहुण्याला आधी पाय धुवायला पाणी देतात, ते काही चुकवून चालत नाही. ती म्हणाली, "अहो, बघत काय राहिलात! पाहुण्यांना पाय धुवायला पाणी द्या!"

सोपानने पाइप उचलला. पाहुण्यांच्या पायांकडे बघितलं. मग थांबला. तो आता पहिला सोपान राहिला नव्हता. शिकला होता. खालून सुरू करायचं नसतं.

त्याने पाणी सोडलं आणि गंगाधररावांच्या टोपीपासून सुरुवात केली.

"अरे! अरे! थांब!"

"घाबरू नका पाहुणे. पाय शेवटी."

टोपी वाहून गेली. गंगाधररावांचं झाल्यावर त्याने प्रल्हादकडे पाइप वळवला. टाळूवर पाणी, मग चेहरा, मग खांदे. विटेची लाली उतरली. तिच्यामागून काळा ओघळ आला. एक आला, मग दुसरा आला, मग पांढऱ्या सदऱ्यावर काळ्या नद्या वाहू लागल्या. पाणी बंद झालं तेव्हा प्रल्हादच्या डोक्यावर अर्धे काळे, अर्धे पांढरे केस उभे होते.

 पाइपमधून थेंब पडत होते.

प्रल्हादने कपाळावरून हात फिरवला, हात बघितला आणि बापाकडे वळला. "बाबा, मी म्हटलं होतं तुम्हाला. नका फासू म्हणून."

गंगाधरराव खाली बघू लागले. "आमच्या घराण्यात लवकरच पिकतात," ते अनसूयाला म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "मुलाचं वय तेच आहे बाई, जे सांगितलं ते. एक दिवसही जास्त नाही. पण दोन मुलींनी केस बघून नाही म्हटलं, म्हणून आज पहाटे मीच काळं लावलं. घाईत धड धुतलंही नाही."

वनिता पोह्यांचं तबक घेऊन दारात उभी होती. तिने प्रल्हादकडे बघितलं. मग दादाकडे बघितलं. पाइप घेऊन तो बहिणीकडे बघत होता, कसं झालं असं विचारल्यासारखा. वनिताला हसू आवरेना. तबक खाली ठेवून ती हसली. प्रल्हादने तिला हसताना बघितलं आणि तोही हसला.

तिने टॉवेल पुढे केला. "चोळू नका, टिपून घ्या. चोळलं की डाग पसरतो."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"आमच्याकडे आठवडाभर हेच चाललंय," वनिता म्हणाली. "तुमच्याकडे दोन मुलींनी नाही म्हटलं ना? आमच्याकडेही दोन स्थळं दादाने परत पाठवली. हा माझा दादा. हा असाच आहे. आणि मला तो सोडायचा नाही. माहेरपणाला येणार, सणावाराला येणार. चालणार असेल तर बघा."

"मला चालेल," प्रल्हाद म्हणाला. "हे असे केस चालणार असतील तर."

"हेच बरे आहेत," वनिता म्हणाली.

अनसूयाने देवघरात जाऊन साखर आणली.  गंगाधररावांनी सोपानचं कोरडं धोतर नेसलं, अंगात सोपानची बंडी घातली, अंगणातल्या खुर्चीवर उन्हात बसले आणि साखर तोंडात टाकून म्हणाले, "मुलगी आम्हाला पसंत आहे. खरं बोलणारी आहे. आमच्या घरात आता कुणीतरी खरं बोललं पाहिजे." सगळ्यांनी एकमेकांना नमस्कार केले. महादेवाने वनिताची काळजी जशी घेतली, तशी सगळ्या लेकीबाळींची घ्यावी.

इथे कहाणी संपवायला हरकत नव्हती. पण सोपान अजून अंगणात होता.

बायका चहाला आत गेल्या. प्रल्हाद सदरा पिळत होता. गंगाधरराव डोळे मिटून उन्हात टेकले होते. ऊन चांगलं लागत होतं. त्यांचे केस वाळले, मिशी वाळली. सोपान समोर उभा राहून बघत होता. वाळल्यावर ती पांढुरकी दिसू लागली होती. तो घाबरला नाही. त्याने ओट्यावरची बाटली आणि स्पंज घेतला आणि खुर्चीच्या मागे जाऊन उभा राहिला.

"वा, सोपानराव," गंगाधरराव डोळे न उघडता म्हणाले. "व्याह्याच्या डोक्याला तेल? असा मान आम्हाला कुणी दिला नव्हता. गार वाटतं."

"पातळच लावतोय," सोपान म्हणाला. "सगळीकडून सारखं."

डोकं झालं, कल्ले झाले, पुढे येऊन त्याने मिशीही केली. अनसूया चहा घेऊन बाहेर आली आणि जागच्या जागी थबकली. खुर्चीत काळ्याभोर चकचकीत डोक्याचा, काळ्याभोर चकचकीत मिशीचा गडी बसला होता. शेजारी पिकल्या केसांचा प्रल्हाद उभा. नवरा मुलगा कोण आणि बाप कोण, हे आता त्यांना आधी पाहिलेलं माणूसच सांगू शकलं असतं.

"अहो!" अनसूया म्हणाली. उद्यापन व्हायचं होतं, म्हणून पुढचं काही बोलली नाही.

सोपानने बाटली कानाशी धरून हलवली.

"अर्धी उरलीय," तो म्हणाला आणि प्रल्हादकडे वळला. "वाळलात का तुम्ही?"

प्रल्हाद धावत जाऊन वनिताच्या मागे उभा राहिला.